खांदमळणीच्या दिवसाचा लॉट

डॉक्टरांनी मला बाहेर बाकावर बसवलं आणि बायकोला आत बोलावलं, तेव्हाच मी ओळखलं की माझ्याविषयी काहीतरी ठरलंय.

क्रांती चौकाजवळचा दवाखाना होता. दाराला अर्धी काच. आत डॉक्टरांचे हात हलताना दिसत होते आणि बायकोची मान. मध्येच तिनं पदर डोळ्याला लावला आणि घाईघाईनं खाली घेतला. बाहेर आली ती फाईल छातीशी धरून.

"काय म्हणाले?"

"मीठ कमी करा म्हणाले. आणि पाणी मोजून प्यायचं."

"एवढं सांगायला वीस मिनिटं?"

"अहो, गर्दी होती."

आत गर्दी नव्हती. आत ती आणि डॉक्टर, दोघंच होते.

मी वाळूजच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. क्वालिटीतला. मोठ्या कंपन्यांना लागणारे सुटे भाग आम्ही बनवायचो. तो कारखाना आता राहिला नाही, शेडचं गोदाम झालंय. समोर आलेला पार्ट खराबच आहे असं धरून चालायचं आणि तो चांगला असल्याचं त्यालाच सिद्ध करू द्यायचं, हे माझं काम. माणसाला एकदा ही सवय लागली की ती पार्टपुरती राहत नाही. भाजीवाल्याचा काटा, पोराची मार्कशीट, शेजाऱ्याचा नमस्कार, सगळंच मी उलटून बघायचो. बायको म्हणायची, "तुमचा जन्म तपासण्यातच जाणार."

आता घरात सगळेच माझ्याशी गोड वागू लागले. पुण्याचा मुलगा पंधरा दिवसांतून एकदा फोन करायचा, तो रोज करायला लागला. फोन आला की बायको ओट्याशी जायची आणि नळ सोडून बोलायची. एके दुपारी ती शेजारी हळदीकुंकवाला गेली तेव्हा मी कपाट उघडलं. फाईल साड्यांच्या खाली होती. त्यात इंग्रजीत सगळं स्वच्छ लिहिलेलं. हृदयाचं पंपिंग पार उतरलंय, ऑपरेशन झेपणार नाही, नातेवाइकांना कल्पना दिली आहे. फाईल होती तशी, त्याच साडीखाली, त्याच कोनात ठेवली. त्यानंतर मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. वाईट वाटण्याआधी मला जिंकल्यासारखं वाटलं, हे लिहायला हवं.

अशातच एका गुरुवारी फाटकाची कडी वाजली.

दारात पासष्ट-सहासष्टीचा माणूस. पांढरा बुशशर्ट, हातात कापडी पिशवी. म्हणाला, "वळखलं का साहेब?"

मी त्याला बघताक्षणी ओळखलं होतं. म्हणालो, "नाही."

"लेथवाला. तीन नंबर लेथ."

शॉपवर माणसांना मशीनवरूनच हाका मारायचे. तीन नंबरचा लेथवाला. एकोणतीस वर्षांपूर्वी त्याला कामावरून काढलं होतं आणि तो कशामुळं गेला हे या शहरात मला एकट्याला नीट माहीत होतं.

"या," म्हणालो. तेव्हा मी त्याला अरे-तुरे करायचो, आता तोंडातून आपोआप 'या' निघालं. तो खुर्चीत बसला आणि पिशवीतून पेरू काढू लागला तेव्हा त्याचा उजवा हात दिसला. मधली दोन बोटं मुळापासून नव्हती.

"प्रेसमधी गेली," माझी नजर बघून तो म्हणाला. "तिथून निघालो आन् रांजणगावला एका बारक्या शेडात लागलो. प्रेसला हात वाचवणारं गार्ड नव्हतं." कुठली तरी बस चुकली म्हणून सांगावं तसं त्यानं सांगितलं.

मग माझी तब्येत विचारली. शुगर दाखवायला तो त्याच दवाखान्यात आला होता, तिथं मला बाकावर बसलेलं पाहिलं होतं. "हाक मारणार व्हतो. पण तुमचं सगळं ध्यान त्या काचंकडं. मंग कंपाउंडरला पत्ता इचारला."

अर्ध्या तासानं तो गेला. जाताना म्हणाला, "पुढच्या गुरुवारी येतो."

मी बायकोला विचारलं, "याला तू बोलावलंस?"

"मी कशाला? मला तर माहीतही नव्हता. चांगला माणूस वाटला."

पेरू तसेच ठेवले. पुढच्या गुरुवारी त्यानं स्वतः एक कापला आणि एक फोड तोंडात टाकली, तेव्हा मी दुसरी घेतली. हसू येईल, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं.

आता काय घडलं होतं ते सांगतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या भागात खांदमळणी असते. बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात. कारखान्यातली निम्मी माणसं खेड्यातली, त्या दिवशी सगळ्यांचं मन गावाकडं. त्याच दुपारी एक दलाल मला बजाजनगरातला प्लॉट दाखवणार होता. सणाला तो गावी जाणार होता, त्यामुळं दाखवायचा तर तेवढ्याच दिवशी. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची आणि तीनच्या पुढं लेथवरून ब्रेकच्या पिनांचे तीन बिन, म्हणजे मालाच्या पेट्या, माझ्या टेबलाशी आले. प्रत्येक बिनमधल्या ठरावीक पिना मापाच्या गेजमध्ये घालून बघायच्या, मग 'ओके'चा टॅग लावून त्यावर माझा शिक्का मारायचा. चाळीस मिनिटांचं काम. मी एकही पिन उचलली नाही. तीन टॅग लावले, तीन शिक्के मारले आणि सायकल काढली.

पिना जाड निघाल्या. लेथचं टूल झिजलं होतं. ते कुणाचंही झिजतं, म्हणून तर इन्स्पेक्टर असतो. गिऱ्हाईक कंपनीनं अख्खा लॉट परत पाठवला आणि चौकशी बसली. मला आत बोलावलं तेव्हा मी म्हणालो, "हे टॅग मी लावलेले नाहीत. शिक्का ड्रॉवरमध्ये असतो. ड्रॉवरला कुलूप नसतं."

"मग कुणी मारला?"

"मी पाहिलं नाही."

"लेथवाल्यानं?"

"मी पाहिलं नाही, साहेब."

बस. कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. तो प्रोबेशनवर होता, बौद्धवाड्यातून आलेला पहिलाच माणूस आमच्या लाईनीत. मी जमीनजुमला असलेल्या घरातला, मॅनेजरच्या ओळखीचा. माझा शब्द वजनदार होता आणि तो का वजनदार होता हे मला तेव्हाही कळत होतं. त्याच्यावर संशय घ्यायला लोकांना कष्ट पडले नाहीत. आठ दिवसांत तो गेला. प्लॉट मला मिळाला. त्याच प्लॉटवरच्या घरात बसून मी त्याच्या हातचा पेरू खात होतो.

आता बोला, तो कशाला येत असेल?

पहिल्यांदा वाटलं, कुणी तरी त्याला सांगितलंय आणि तो माझी मजा बघायला येतोय. मग वाटलं, खिशातला मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बसतो. एकदा तो हात धुवायला गेला तेव्हा मी वाकून त्याचा मोबाईल पाहिला. काचेला तडा गेलेला, बटणांचा साधा फोन. तरी माझं समाधान झालं नाही. बोलताना मी शब्द तोलायचो. तो कारखान्याचा विषय काढायचा, मी गुडघेदुखीचा. त्यानं लेथ म्हटलं की मी लेकी-सुनांचं विचारायचो. त्याला एकच मुलगी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिच्याबद्दल बोलताना मात्र तो सावरून बसायचा.

चौथ्या की पाचव्या गुरुवारी मला राहवलं नाही.

"एक विचारू? तुम्ही माझ्याकडं का येता?"

त्यानं कप खाली ठेवला.

"साहेब, इन्क्वायरीत मी कोपऱ्यात उभा व्हतो. समदी बोलली. कोण म्हणलं यानंच केलं असंल, कोण म्हणलं याच्यावर आधीपासून डाउट व्हता. तुम्ही एकटे म्हणलात, मी पाहिलं नाही. साहेबानं दोनदा इचारलं, दोनदा तेच म्हणलात. जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही म्हणणारा माणूस लई कमी भेटतो. मी पोरीला सांगत आलोय तुमचं."

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला. पाणी संपलेलं होतं.

"आन् शिक्का कुणी मारला ते मला माहितीय," तो म्हणाला.

मी रिकामा ग्लास खाली ठेवला.

"मिलिंगवाला."

मिलिंग मशीन त्याच्या लेथशेजारी होतं आणि ते चालवणारा त्याचा जिवलग दोस्त. दोघं एका डब्यात जेवायचे. ईदला हा त्याच्याकडं छावणीत, चौदा एप्रिलला तो याच्याकडं. त्या दुपारी, मी गेल्यावर, मिलिंगवाला माझ्या टेबलाशी उभा असलेला यानं लांबून पाहिला होता. चौकशीत मिलिंगवाल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी टेबलाकडं गेलोच नाही.

"माझ्या देखत खोटं बोलला साहेब. मंग मी समजलो. मी काय साहेबलोकांना सांगितलं नाय, दोस्त व्हता. पर मनातून काढून टाकला. दोनदा माझ्या दारात आला, मी कडी काढली नाय. पोरीच्या लग्नाची पत्रिका आली, गेलो नाय. एकोणतीस वर्सं झाली."

त्या दिवशी तो गेल्यावर मी खाटेवर पडून राहिलो. इतकी वर्षं मी हिशोब धरत होतो तो एका माणसाचा. दोन निघाले.

तरी मी बोललो नाही. उलट मला वेगळाच संशय आला. हे सगळं तो मला बोलतं करायला तर सांगत नसेल? असा भाबडा माणूस असतो का कुठं?

मग माझ्या बायकोनं एक गोष्ट केली. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा ती पोहे घेऊन बसली आणि कौतुकानं घराची कथा सांगायला लागली. "खांदमळणीचा दिवस होता बघा. हे शिफ्ट सुटायच्या आधीच सायकल हाणत आले. मी म्हटलं एवढ्या लवकर कसे? तर म्हणाले, चल आधी, प्लॉट बघायचाय, मग बोल. पावणेचारला आम्ही इथं उभे! नुसती बाभळीची झुडपं होती इथं."

तो पोहे खात होता. त्याचा चमचा थांबला की काय, याकडं माझं सगळं लक्ष. थांबला नाही. "जागा बाकी चांगली घेतली," एवढंच म्हणाला. मी त्याच्या भुवया बघितल्या, मान बघितली, कप उचलताना हात बघितला. खांदमळणीचा लॉट, खांदमळणीचा प्लॉट. त्यानं जोडलं असेल? एखादा माणूस इतका शांत राहू शकतो?

पुढच्या गुरुवारी तो आला नाही.

मी सकाळपासून पुढच्या खोलीत बसलो होतो. अकरा वाजले, बारा वाजले. कळलं त्याला, मी म्हणालो. आता मुलीला घेऊन येईल, वस्तीतली चार माणसं घेऊन येईल. फाटकाला कुलूप घाल असं मी बायकोला सांगितलं. तिनं नुसती कडी लावली. त्या आठवड्यात पायाला सूज आली, धाप वाढली. डॉक्टरांनी गोळी बदलली.

आठ दिवसांनी तो कापडी पिशवी घेऊन दारात. "भाचीचं लग्न व्हतं जालन्याला," म्हणाला. "लाडू आणलेत. वहिनी, साहेबांना अर्धाच द्या."

म्हणजे त्याला काही कळलं नव्हतं. आणि तेव्हा मला जे वाटलं ते सुटका झाल्याचं नव्हतं. माझी निराशा झाली. त्या आठ दिवसांत भीतीच्या खाली मी आतून एकच आशा धरून बसलो होतो की त्याचं त्यालाच कळावं. म्हणजे मला सांगावं लागणार नाही. आता कुणी सांगणार असेल तर मीच, आणि माझ्याकडं वेळ किती आहे ते फाईलमध्ये लिहिलेलं होतं.

बायको आत लाडू फोडत होती. मी म्हणालो, "शिक्का मी मारला होता."

"कुठला?"

"तुमच्या बिनवरचा. तिन्ही. टॅगसुद्धा मीच लावले. मला प्लॉट बघायला जायचं होतं."

त्यानं पुढ्यातली पिशवी बाजूला सारली. मग म्हणाला, "गेज लावला नाय?"

"नाही."

"एकपण पिन नाय बघितली?"

"एकपण नाही."

"आन् आत जाऊन नाय म्हणलात."

"हो."

मी वाट बघत होतो की तो आता आपल्या नोकरीचं बोलेल, बोटांचं बोलेल. शिव्या देईल. त्याला माझी तयारी होती. तो स्वतःशीच म्हणाला, "मंग त्यानं नाय केलं."

आणि पुन्हा, "त्यानं केलंच नव्हतं."

उठला. पिशवी तिथंच राहिली. बायको बशी घेऊन बाहेर आली तोवर तो फाटकाबाहेर गेला होता.

"काय झालं? असे कसे गेले?"

मी तिलाही सांगितलं. सगळं. फाईल मी वाचली आहे हेही सांगितलं, आता काही झाकून ठेवायचा कंटाळा आला होता. ती बशी मांडीवर ठेवून बसली. भिंतीकडं, छताकडं, खिडकीतल्या तुळशीकडं बघत राहिली.

"म्हणजे मी त्यांना पोहे देत देत..." एवढंच म्हणाली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गोळ्या मात्र वेळेवर हातात यायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "तेव्हा मला सांगितलं असतं तर मी तुम्हाला साहेबापुढं परत पाठवलं असतं." हे खरं होतं. म्हणूनच मी सांगितलं नव्हतं.

रविवारी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. तो आत आला, पण बसला नाही.

"चला."

"कुठं?"

"छावणीत. त्याच्या घरी."

बायको मध्ये पडली. "अहो, यांना दहा पावलं चालवत नाही."

"रिक्षा दारात हाय वहिनी. दारापासून दारापर्यंत. मी धरून नेतो." आणि माझ्याकडं वळून, "मी सांगितलं तर तो इश्वास ठेवणार नाय. एवढी वर्सं मीच त्याला चोर ठरवला. तुमच्या तोंडानं ऐकू द्या त्याला."

मी शर्ट बदलला. बायको म्हणाली, "मीही येते," आणि चप्पल घालून रिक्षात बसलीसुद्धा.

नगर रस्त्यानं जाताना कंपन्यांच्या बसगाड्या, टेम्पो, धूळ. मला अजून शंका येतच होत्या. तिथं पाच-पन्नास लोक जमवून ठेवले असतील. पोरं असतील त्याची. गोळवाडीच्या पुलावर रिक्षा उसळली तेव्हा त्यानं डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं, आणि धक्का गेल्यावर लगेच सोडलं.

छावणीत एका गल्लीच्या तोंडाशी गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं. मुलाचं असावं. बाहेर खुर्चीवर एक म्हातारा, पांढरी दाढी, जाड भिंगाचा चष्मा. मिलिंगवाला. मी ओळखलंच नसतं. आधी त्यानं लेथवाल्याला पाहिलं. खुर्चीचे हात धरून अर्धवट उठला आणि तसाच थांबला, उठावं की बसावं हे न कळल्यासारखा.

लेथवाला म्हणाला, "साहेबांना काहीतरी सांगायचंय तुला."

मी बाकावर बसलो. श्वास जमवला आणि ठरवून आणलेलं वाक्य हळू आवाजात म्हणालो.

"क्या?" त्यानं कानामागं हात धरला.

मुलगा दुकानातून म्हणाला, "अब्बाकू सुनाई नै देता अंकल. जोर से बोलो."

पुन्हा म्हणालो. पुन्हा हात कानामागं. "कौन बोला?"

माझ्या छातीत तेवढी हवा नव्हती. पण दुसरं कुणी ते माझ्याऐवजी ओरडून सांगू शकत नव्हतं. मी बाकाची कड धरली आणि ओरडलो, "पिनांच्या बिनवर शिक्का मी मारला होता! तुम्ही नाही! यानं नाही! मी मारला आणि मी खोटं बोललो!"

समोरचा चहावाला वळून बघायला लागला. दोन बाया थांबल्या. दुकानातलं शिवणयंत्र थांबलं. मला वाटलं होतं असं काही झालं तर मी लाजेनं तिथंच मरून जाईन. मेलो नाही. धाप लागली, बायकोनं पाठ चोळली आणि गल्लीतला आवाज पुन्हा सुरू झाला.

मिलिंगवाला माझ्याकडं फार वेळ बघत बसला नाही. लेथवाल्याकडं वळला.

"मेरेकू पूछा कायकू नै?"

"तू टेबलापाशी व्हता. म्या पाह्यलं. आन् इन्क्वायरीत नाय म्हणला." लेथवाल्याला आता त्याच्यासाठी मोठ्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळं ते भांडणासारखं ऐकू येत होतं. "म्हणून नाय इचारलं!"

"फोन कू गया था रे! साब के टेबल पे फोन था ना. अम्मा घाटी दवाखाने में थी." मग माझ्याकडं पाहून, माझ्यासाठी मराठीत, "घरगुती फोन केला तर मेमो मिळायचा साब. म्हणून नाही म्हणालो. भ्यालो."

लेथवाल्यानं तोंडावर हात फिरवला. "अम्मा?"

"इन्क्वायरी के बाद गयी, वोईच हफ्ते में."

"मला म्हाईत नाय."

"तेरेकू बोलने आया था. दो बार. तू दरवाजा नै खोला."

मुलानं आणखी एक खुर्ची आणून ठेवली आणि लेथवाला तिच्यावर बसला. थोड्या वेळानं मिलिंगवाल्यानं त्याचा उजवा हात ओढून घेतला, चष्म्याजवळ नेला आणि जिथं बोटं नव्हती तिथं अंगठा फिरवून बघितलं. "ये कब?" असं विचारलं. लेथवाला सांगायला लागला. रांजणगावचं शेड, प्रेस, घाटीतले दिवस. एकोणतीस वर्षांचं सांगायचं होतं, ते दोघं आमच्याकडं बघेनासे झाले. चहा आला. पाऊण तास मी आणि बायको त्या बाकावर पाहुण्यांसारखे बसून होतो. मिलिंगवाल्यानं मला माफी दिली नाही आणि दूषणंही दिली नाहीत. निघताना फक्त म्हणाला, "साब, सांभाळून उतरा, पायरी मोडकी आहे."

परतताना रिक्षात मी लेथवाल्याला म्हणालो, "तुम्ही माझ्यावर रागवा तरी."

"राग येतोय ना," तो रस्त्याकडं बघत म्हणाला. "बोटं बघितली की येतो. तुम्हाला माफ केलं असं मी म्हणणार नाय. मनात नसताना कशाला म्हणू?" मग म्हणाला, "पोरीला लिहून द्या. तिच्या बापाला कशावरून काढलं हे तिला शाळेत असल्यापासून लोक ऐकवत आले. तुमच्या सहीनं लिहून द्या."

दुसऱ्या दिवशी मी पाठकोरा कागद घेतला. गुरुवारी तो आला तेव्हा दिला. त्यानं खिशातून चष्मा काढला, कागद उजेडात धरून वाचला. मी लिहिलं होतं, 'माझ्याकडून नजरचुकीने तपासणी राहून गेली व त्यामुळे गैरसमज झाला.'

त्यानं कागद परत माझ्या हातात दिला. "नजरचूक काढा."

"हं?"

"नजर चुकली नव्हती. नजर टाकलीच नव्हती. आन् गैरसमज झाला नाय, तुम्ही केला."

मला 'साहेब' म्हणणं त्यानं छावणीतून परतल्यापासून बंद केलं होतं. मला आधी बरं वाटलं नाही, मग बरं वाटलं.

मी त्याच्यासमोरच पुन्हा लिहायला बसलो. दोन ओळींनंतर थांबावं लागत होतं. 'मी तपासणी केली नाही. मी शिक्का मारला. चौकशीत मी खोटे बोललो. तुमच्या वडिलांचा काही दोष नव्हता.' आयुष्यात मी हजारो रिपोर्ट लिहिले, इतका छोटा आणि इतका स्वच्छ एकही लिहिला नव्हता. खाली नाव, पत्ता, सही.

आता तो गुरुवारी येतोच असं नाही. कधी गुरुवारी छावणीत जातो, मग माझ्याकडं शनिवारी येतो. मुलगी अजून आलेली नाही. तिनं कागद वाचला, घडी घालून कपाटात ठेवला आणि काही बोलली नाही, एवढं त्यानं सांगितलं. ती येईल की नाही मला माहीत नाही, आणि आली तर काय म्हणेल याचे तर्क करायचे मी सोडलेत. मुलगा पुण्याहून दोन दिवस राहायला आला होता. त्यालाही सांगितलं. रात्रीच्या जेवणाला त्यानं माझ्या पानात स्वतः वाढलं.

संशय पूर्ण गेला असं म्हणणार नाही. परवा डॉक्टर बायकोशी बोलायला लागले तेव्हा मी म्हणालो, "माझ्यासमोर बोला." ते थोडे बिचकले, मग बोलले. महिने आहेत, वर्षं नाहीत. बायकोनं माझा हात धरला होता. घाबरलो नाही असं नाही, घाबरलोच. पण ते ऐकत असताना मला आत लपवायला काहीच नव्हतं, आणि इतक्या वर्षांत ही गोष्ट पहिल्यांदाच होत होती. घरी येताना तिनं क्रांती चौकातच रिक्षा थांबवून मोगरा घेतला. मी विचारलं, "आज काय आहे?" ती म्हणाली, "काही नाही. वास आला म्हणून घेतला." मी पुढं काही विचारलं नाही.